विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९ – १९७१) हे भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ होते. गर्भारपणाच्या मधल्या तिमाहीत पुनःपुन्हा होणारा गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयमुखाला टाका घालण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली. ती जगभर ‘शिरोडकर टाका’ या नावाने ओळखली जाते.

जीवन

शिरोडकरांचा जन्म गोव्यातील शिरोडा या गावी झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९२७ मध्ये ते प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयांत एम.डी. झाले. १९३१ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. ही पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात मानद तज्ज्ञ म्हणून काम केले. पुढे ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

शिरोडकर टाका

काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सहाव्या महिन्यात, फारशा कळा न येताच पडतो आणि पुढच्या खेपेसही तेच घडते. अशा रुग्णांना पूर्वी प्रामुख्याने विश्रांती व औषधे दिली जात. यांपैकी अनेकींमध्ये मूळ दोष गर्भाशयमुखाच्या कमकुवतपणात असतो व गर्भाचा भार वाढताच ते अकाली उघडते, हे ओळखून शिरोडकरांनी त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय काढला. योनिमार्गे शस्त्रक्रिया करून मूत्राशय थोडे वर सरकवायचे आणि गर्भाशयमुखाच्या आतील तोंडाशी पट्टी आवळून बांधायची, अशी ही पद्धत होती. या पट्टीसाठी आरंभी रुग्णेच्याच मांडीतील स्नायुआवरण वापरले जाई. पुढे कृत्रिम धाग्याची फीत वापरात आली. १९५५ मध्ये ‘अँटिसेप्टिक’ या मद्रासच्या नियतकालिकात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इयान मॅकडोनल्ड यांनी याच तत्त्वावरील अधिक सोपा टाका मांडला. दोन्ही पद्धती आजही प्रचलित आहेत.

इतर कार्य

अंग बाहेर येण्याच्या विकारावर त्या काळी केल्या जाणाऱ्या काही शस्त्रक्रियांत गर्भाशयमुखाचा भाग कापला जाई. त्यामुळे पुढील गर्भधारणेत अडचणी येऊ शकत. तरुण स्त्रियांची प्रजननक्षमता टिकावी म्हणून शिरोडकरांनी गर्भाशयाला पट्टीने माकडहाडाच्या वरील त्रिकास्थीशी आधार देणारी शस्त्रक्रिया रूढ केली. बंद झालेल्या गर्भनलिकांवरील शस्त्रक्रियांतही त्यांनी नवे प्रयोग केले. आपल्या अनुभवांवर आधारित त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय कुटुंबनियोजन संघाच्या संस्थापक सदस्यांपैकी ते एक होते.

सन्मान

भारत सरकारने त्यांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. १९७१ मध्येच त्यांचे निधन झाले.

महत्त्व

आज सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. एंडोमेट्रिओसिससारख्या विकारात ओटीपोटातील मज्जातंतूंपर्यंत रोग पोहोचला आहे काय, हे एमआरआयच्या प्रगत तंत्रांनी तपासता येते. शिरोडकरांनी आपली शस्त्रक्रिया विकसित केली, तेव्हा यांपैकी कोणतेही साधन हाताशी नव्हते. आधीच्या गर्भारपणांची रुग्णेने सांगितलेली हकिकत आणि प्रत्यक्ष हाताने केलेली तपासणी यांवरच निदान अवलंबून असे. वारंवार गर्भ गमावणाऱ्या स्त्रीच्या दुःखामागे दुरुस्त करता येण्याजोगा शारीरिक दोष असू शकतो, हे त्यांच्या टाक्यामुळे वैद्यकशास्त्रात प्रस्थापित झाले.