होडी कुजलेली, कप्तान पन्नाशीचा

पेणजवळच्या अंतोरे बंदरात आणि रोह्याला कुंडलिकेत एके काळी भरतीबरोबर शिडाची गलबतं यायची. मग आगबोटी, रेल्वे, ट्रक आले आणि शिडं उतरली. शीड सोडून दुसरं काहीच न येणाऱ्या तांडेलाने अशा वेळी करायचं काय? तिकडे अमेरिकेत हाच प्रश्न जोशुआ स्लोकमपुढे उभा राहिला होता.

जन्म १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातला. वडिलांचा बूट बनवायचा धंदा पोराला नकोसा. चौदाव्या वर्षी घरातून पळून तो मच्छीमार बोटीवर स्वयंपाक्या झाला. पुढे चढत चढत मोठ्या जहाजांचा कप्तान. बायको व्हर्जिनिया, मुलं, सगळा संसार जहाजावरच! १८८४ मध्ये व्हर्जिनिया गेली. १८८७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं. त्याने तिथेच ३५ फुटी होडी बांधली आणि दुसरी बायको हेटी व दोन मुलांना घेऊन अमेरिका गाठली. पण तिथे काम कुठे होतं? वाफेच्या बोटींनी शिडाच्या कप्तानांचा बाजार उठवला होता.

१८९२ मध्ये एका ओळखीच्या कप्तानाने त्याला 'स्प्रे' नावाची होडी देऊ केली. होडी कसली, शेतात टेकू देऊन ठेवलेला कुजका सांगाडा! स्लोकमने जवळपासचे ओक तोडले, बरगड्यांची लाकडं वाफवून वाकवली आणि १३ महिन्यांत ती नव्याने उभी केली. खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट.

२४ एप्रिल १८९५ ला, ५१ व्या वर्षी, तो बोस्टनहून एकटाच निघाला. घड्याळ होतं एक डॉलरचं, काच फुटलेलं. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री लुटारूंची भीती, म्हणून डेकवर टोकदार खिळे पसरून झोपला. अनवाणी आलेले लोक किंचाळत पळाले! होडीचा तोल तर असा, की हिंदी महासागरातल्या २३ दिवसांत त्याने सुकाणू मिळून तीनेक तास हातात धरलं. वाटेत व्याख्यानं देऊन पैसे जमवले. २७ जून १८९८ ला तो परतला. प्रवास ४६ हजार मैलांच्या वर. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस!

१९०० मध्ये त्याचं पुस्तक आलं, गाजलं. त्याने शेत घेतलं, घर घेतलं. पण जमिनीवर जीव रमेना. हेटी घरी राहायची, हा हिवाळ्यात 'स्प्रे' घेऊन वेस्ट इंडिजकडे. घर दुरावलं, ही त्या स्वातंत्र्याची किंमत. १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा निघाला. माणूसही परतला नाही, होडीही नाही.

आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे २०१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. वाट स्लोकमने आखलेली.

आपण शिकतोय ते उद्या बाजारात चालेल का, हा धसका कॉलेजात प्रत्येकालाच असतो. स्लोकमचं कसब तर पन्नाशीआधीच निकामी ठरलं होतं. नोकरी त्याला मिळाली नाहीच. जगाने त्याला ओळखलं ते मात्र त्याच कसबामुळे.