नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला नाव देणारे मिशनरी दगडं का गोळा करत फिरायचे?

नागपुरात कुणालाही विचारा, हिस्लॉप कॉलेजचा रस्ता लगेच सांगतील. पण हे हिस्लॉप कोण? तर कुणीतरी मिशनरी, इथपर्यंतच गाडी येते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. फ्री चर्चचे धर्मप्रचारक म्हणून ते १८४५ मध्ये नागपुरात आले. तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. वर्षभरात त्यांनी शाळा काढली, पुढे त्याच कामातून कॉलेज उभं राहिलं.

भूगर्भशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हता. पण सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत फिरताना दोघांचंही लक्ष दगडांकडे असायचं. शहराजवळच्या टाकळीत त्यांना दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी-शिंपल्यांचे जीवाश्म मिळाले.

आता काळ्या बेसॉल्टच्या भागात शिंपले आले कुठून?

तर झालं असं की, दख्खनचा लाव्हा एका दमात बाहेर पडला नाही. एक थर थंड व्हायचा, त्यावर तळी साचायची, त्यात जीव वाढायचे आणि मग पुढचा थर येऊन सगळं झाकून टाकायचा. टाकळीचे शिंपले अशाच तळ्यातले. हिस्लॉप यांनी १८६० मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णन छापलं. एका गोगलगायीच्या नावात टाकळी घातलं, एका शिंपल्याच्या नावात हंटर. हे थर डायनासोरनंतरच्या काळातले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. आज त्यातले बरेच थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनासोर संपण्याच्या आसपासचे मानले जातात.

जे स्वतःला ओळखता येत नव्हतं, ते त्यांनी जाणकारांकडे पाठवलं. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीत मिळालेली उभयचर प्राण्याची कवटी लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. डायनासोर हा शब्द देणारे हेच ते ओवेन. त्यांनी १८५५ मध्ये या प्राण्याला ब्रॅकिऑप्स नाव दिलं. परिसरातल्या वनस्पतींच्या जीवाश्मांवर चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लिहिलं. त्यात ग्लॉसोप्टेरिसची जिभेसारखी पानं होती. हीच पानं आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अगदी अंटार्क्टिकातही सापडतात. हे खंड कधीकाळी जोडलेले होते, याचा तो एक मोठा पुरावा ठरला.

सगळ्यात भारी गोष्ट मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची. तिथल्या हाडांची नोंद हिस्लॉप यांनी करून ठेवली होती. त्याच गावातल्या डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेत भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेल्या संशोधनात गवताचे सूक्ष्म अंश सापडले, तेही थेट २००५ मध्ये. तोवर गवत डायनासोरनंतर पसरलं असंच मानलं जायचं.

मुंबईतले हेन्री कार्टर हे असेच दुसरे हौशी. पेशानं लष्करी डॉक्टर, पण मुंबई बेटाच्या भूगर्भावर लिहिणारे. नागपूरच्या पाण्यातल्या एका चिमुकल्या जीवाला त्यांनी १८५८ मध्ये हिस्लॉपिया नाव दिलं.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला रिचर्ड टेंपल यांच्यासोबत गेले होते. संध्याकाळी बोरीकडे घोड्यावरून एकटेच परतताना पावसानं फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. सेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. गोंड समाजाबद्दल त्यांनी जमवलेली टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. मांगलीची ती कवटी अजूनही लंडनच्याच संग्रहात आहे.