मीठ, पाणी आणि आऱ्हेनियस

हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो. हळदीला चुना मिळाला की तिचे कुंकू होते. हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. परंतु आम्लाला आम्लपण कशाने येते, चुन्यासारख्या पदार्थात नेमका कोणता गुण असतो आणि पाण्यात विरघळलेल्या मिठाचे पुढे काय होते, याचा उलगडा स्वीडनमधील एका तरुणाने केला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. या शास्त्रात आमचा अधिकार नाही. तरीही स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो असता स्वान्ते आऱ्हेनियस याचेच चरित्र सांगावेसे वाटले.

त्याचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्सालानजीक विक येथे झाला. वडील भूमापक होते. उप्साला विद्यापीठातील अध्यापनाने समाधान न झाल्याने तो १८८१ मध्ये स्टॉकहोमला एडलुंड यांच्याकडे गेला आणि निरनिराळ्या द्रावणांतून वीज किती वाहते, हे मोजू लागला. साखर पाण्यात सहज विरघळते, पण त्या पाण्यातून वीज वाहत नाही. मिठाच्या पाण्यातून मात्र वाहते. हा भेद का, हा त्याचा प्रश्न होता.

१८८४ मध्ये त्याने आपला प्रबंध उप्सालास सादर केला. परीक्षकांना तो पटला नाही. पदवी मिळाली, पण श्रेणी इतकी खालची की अध्यापकपदाचा मार्गच खुंटावा. आऱ्हेनियसने वाद घातला नाही. प्रबंधाच्या प्रती त्याने परदेशच्या नामांकित शास्त्रज्ञांकडे पाठविल्या. रीगा येथील प्राध्यापक ओस्टवाल्ट तो वाचून त्याच वर्षी स्वतः उप्सालास आले आणि त्यांनी त्यास आपल्याकडे जागा देऊ केली. वडिलांच्या आजारपणामुळे त्यास जाता आले नाही. परंतु आता उप्सालानेही त्यास अध्यापकपद दिले. पुढे त्याने रीगा, वुर्झबुर्ग, ग्राझ व ॲमस्टरडॅम येथे काम केले आणि दरम्यान १८८७ मध्ये आपला सिद्धांत पूर्णत्वास नेला.

त्याचे सार असे. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. वीज वाहू लागण्यापूर्वीच ते सुटे असतात. पाण्यात हायड्रोजनचे आयन देते ते आम्ल, हायड्रॉक्साइडचे आयन देते तो आम्लारी. दोन्ही आयन एकत्र आले की पाणी होते. म्हणूनच विरल द्रावणांत कोणतेही तीव्र आम्ल कोणत्याही तीव्र आम्लारीशी सममूल्य प्रमाणात मिसळले, तरी उष्णता जवळजवळ तेवढीच निघते. व्हिनेगर पाण्यात पूर्णपणे मिसळते, पण त्याचे थोडेच रेणू विचरण पावतात. म्हणून ते सौम्य. उलट विरी गेलेला चुना पाण्यात अल्पच विरघळतो, पण जो विरघळतो तो जवळजवळ सगळा आयनरूप होतो; म्हणून निवळी बाधक. विद्राव्यता निराळी, तीव्रता निराळी.

पाण्यावर पेट घेणारे सोडियम आणि विषारी क्लोरीन एकाच पेल्यात सुटे कसे राहतील, असा आक्षेप निघाला. भारित कणांचे गुणधर्म मूळ मूलद्रव्यांहून वेगळे असतात, हे पटावयास वर्षे लागली. १९०३ मध्ये याच सिद्धांतासाठी त्यास रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी तापेल, हे गणितही त्याने १८९६ मध्ये मांडले होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्याचे निधन झाले. अमोनियासारख्या पदार्थांना त्याची व्याख्या अपुरी पडे. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी ती व्यापक केली.

आपणां बदलीच्या नोकरदारांच्या मुलांना दर तीन-चार वर्षांनी नवी शाळा, नवी भाषा आणि नवे परीक्षक भेटतात. गुणपत्रिका हाती आली की घरात सुतकी कळा पसरते, हे आम्ही आमच्याही घरी अनुभवले आहे. अशा वेळी मुलाला रागे भरण्याआधी त्याने केलेले काम एकदा नीट पाहावे, आणि ते चांगले असेल तर जाणत्या माणसाला दाखवावे. आऱ्हेनियसने तेवढेच केले होते.