माजघरातला अभ्यास

मागच्या महिन्यात दिवेलागणीला आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी माझ्याकडे आली. एस.वाय.बी.ए.ला आहे. बेलापूरहून रोज श्रीरामपूरला कॉलेजला जाते. चेहरा उतरलेला. बसायला सांगितलं तर बसेना. शेवटी चहा पुढे केला तेव्हा बोलती झाली. इंग्रजी आणि अर्थशास्त्र असे दोन विषय राहिलेत. घरात सात माणसं, खोल्या दोन. एकीकडे टीव्ही, दुसरीकडे भावाचा मोबाइल, मध्ये आजीची जपमाळ आणि येणारे-जाणारे. पुस्तक उघडलं की कुणीतरी हाक मारतंच. आणि आता घरातून सांगितलंय, या वेळी विषय सुटले नाहीत तर कॉलेज बंद. राहुरीकडचं एक स्थळही सांगून आलंय.

तिला माझ्याकडून टाइमटेबल हवं होतं. गावातल्या बचत गटाचं आणि मुलींच्या अभ्यासवर्गाचं थोडंफार काम मी करते, म्हणून मुलींना वाटतं, काकूंकडे सगळ्यावर औषध असतं. मी तिला टाइमटेबल दिलं नाही. आधी एका बाईची गोष्ट सांगितली. ती आज तुम्हालाही सांगते, कारण तिच्यासारख्या मुली आपल्या प्रत्येकीच्या गल्लीत आहेत.

ही बाई म्हणजे रमाबाई रानडे. 2012 साली झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ लागायची, तेव्हा आमच्या गल्लीत त्या वेळेला कुणी कुणाच्या घरी जात नसे. त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत. पण मालिकेतली गोड छोटी रमा लक्षात राहते आणि तिने अभ्यास कसा केला ते मागे पडतं. मला त्याचंच जास्त कौतुक वाटतं.

रमाबाईंचा जन्म 1862 चा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेर कुर्लेकरांचं, माहेरचं नाव यमुना. त्या घरात मुलींना अक्षर शिकवत नसत. घरातली एक बाई लिहायला-वाचायला शिकली होती आणि लवकर विधवा झाली. झालं, दोन्ही गोष्टींची सांगड घातली गेली आणि पुढच्या सगळ्या मुलींची पाटी कोरी राहिली. 1873 साली यमुनेचं लग्न झालं तेव्हा ती 11 वर्षांची होती. नवरा न्यायमूर्ती माधवराव रानडे, वय 31. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. माधवराव विधवाविवाहाच्या बाजूचे, म्हणजे त्यांनी विधवेशीच लग्न करावं अशी मित्रांची अपेक्षा. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नाही आणि त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. या गोष्टीवर पांघरूण घालायचं कारण नाही. तेव्हाही त्यांच्यावर टीका झाली होती.

मात्र लग्नानंतर त्यांनी वेळ घालवला नाही. पुण्याच्या घरात नव्या नवरीच्या शिक्षणाची सुरुवात थेट मुळाक्षरांपासून झाली, आणि शिकवणारे स्वतः माधवराव. पुढे ट्रेनिंग कॉलेजातली एक शिक्षिका घरी येऊन शिकवू लागली.

आता त्या घराचं चित्र डोळ्यासमोर आणा. सासूबाई, विधवा नणंद, नात्यातल्या इतर वडीलधाऱ्या बायका, असं बायकांनी भरलेलं माजघर. सगळ्यात लहान आणि सगळ्यात नवी ही मुलगी. दिवसभर कामं हिनेच करायची. काम चुकवून वर पुस्तक घेऊन बसणं शक्यच नव्हतं. वाचलेलं कुणाच्या कानावर पडलं तर टोमणे ठरलेले. ज्या पोथीपुराण वाचायच्या त्यांना कुणी बोलत नसे, पण नवऱ्याकडून पुस्तकं शिकणारी सून म्हणजे घराचं हसं करणारी, असा त्या बायकांचा समज. त्यांनाही मी फार दोष देत नाही. त्यातल्या कितीतरी जणींना आयुष्यात कुणी एक अक्षर शिकवलं नव्हतं, आणि कालची आलेली पोर त्यांच्यासमोर शिकत होती. ते कसं सोसवेल!

मग अभ्यास केव्हा? सगळं आवरल्यावर, रात्री. दिवसाचा धडा रात्री म्हणून दाखवायचा आणि पुढचा घ्यायचा. माझ्या मते रमाबाईंच्या यशातली मोठी गोष्ट हीच. त्यांना ठरलेली वेळ होती आणि त्या वेळेला धडा ऐकून घेणारं एक माणूस होतं. आपल्या मुली एकट्या वाचतात, मनातल्या मनात. गाईड उघडतात, खुणा करतात आणि झाला अभ्यास असं समजतात. कुणापुढे तोंड उघडून सांगायची वेळ येते ती थेट परीक्षेच्या हॉलमध्ये, तीही कागदावर.

दुसरी गोष्ट हिशेबाची. 1878 च्या सुमारास माधवरावांची बदली नाशिकला झाली, तेव्हा घराचा खर्च रमाबाईंच्या हाती आला आणि रोजचा जमाखर्च लिहायची शिस्त लागली. सोळा वर्षांच्या मुलीला हिशेब जुळवताना काय घाम फुटत असेल! पण लिहायचा म्हणजे लिहायचा. बचत गटाच्या वहीशी रोज गाठ असल्याने मला हे पटतं. ज्या बाईला रोजचं रोज लिहायची सवय असते तिला महिन्याच्या शेवटी रडायची वेळ येत नाही. अभ्यासाचंही तसंच आहे. काय वाचलं, किती राहिलं हे वहीत उतरलं की भीती निम्मी होते. मागून मला कुणी विचारलं नसतानाही मी त्या मुलीच्या वहीत तसे दोन रकाने आखून दिले.

नाशिकमध्येच रमाबाई पहिल्यांदा सभेत बोलल्या. पहिलं भाषण त्यांचं त्यांनी लिहिलेलं नव्हतं. ते माधवरावांनी लिहून दिलं होतं, यांनी फक्त म्हटलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या बाईचीही सुरुवात दुसऱ्याच्या वाक्यांवर झाली. नाहीतर आपल्याला वाटतं, मोठी माणसं जन्मतःच वक्ते असतात.

नाशिकनंतर धुळे. 1879 साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडामुळे सरकारला माधवरावांचाही संशय आला होता, त्या दिवसांतली ही बदली. मग पुन्हा पुणे, आणि पुन्हा ते माजघर. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्या रमाबाई तिथे जाऊ लागल्या, तसा घरातला विरोध आणखी वाढला. त्यात हरफर्ड नावाच्या इंग्रज बाईंकडे इंग्रजीची शिकवणी सुरू झाली. शिकवणीहून आलं की विटाळ झाला म्हणून अंघोळ, त्याशिवाय घरात शिवायचं नाही. थंडीच्या दिवसांतही तेच. त्यात त्या आजारी पडल्या, पण इंग्रजी सोडलं नाही.

इथे मला माधवरावांचा रागही येतो. बायकोला शिकवायचं, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना एका शब्दाने दुखवायचं नाही, असं त्यांचं धोरण. बोलणी कुणी खायची? बायकोने. उलट उत्तर न देता सोसावं, हीच त्यांची शिकवण. रमाबाईंनी ती पाळली आणि त्या टिकल्या, हे खरं. पण अशा किती जणी टिकल्या नसतील, त्यांच्या आठवणी कुणी लिहिल्या? माझं स्वतःचं लग्न एस.वाय.ला असताना झालं. उरलेलं बी.ए. मी बाहेरून बसून केलं. ओट्याजवळ भिंतीला कागद चिकटवून पाठ करायचे, तेव्हा नात्यातल्या एक बाई येता-जाता काही ना काही बोलायच्या. मीही गप्प बसले. पास झाले, पण त्या गप्प बसण्याचा मला आजही अभिमान नाही. म्हणून मी त्या मुलीला सोसायला सांगितलं नाही. मी तिच्या घरी गेले. ते पुढे सांगते.

1884 साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तीच पुढची हुजूरपागा. त्या शाळेच्या मागणीसाठी जी सभा भरली, तिथे मुंबईचे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचलं. वय 22. अकरा वर्षांपूर्वी या बाईला अ सुद्धा येत नव्हता. आणि घरी परतल्यावर हारतुरे नव्हते. भरसभेत पुरुषांपुढे, तेही इंग्रजीत बोलली, म्हणून माजघरात जे ऐकावं लागलं ते वेगळंच.

आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. 1886 साली सरकारी समितीच्या कामासाठी माधवराव कलकत्त्याला गेले, रमाबाई सोबत होत्या. माधवराव तेव्हा 44 वर्षांचे, नावाजलेले विद्वान, न्यायाधीश. तिथे गेल्यावर त्यांनी बंगाली शिकायला घेतलं. सकाळी दाढी करायला न्हावी यायचा. साहेब त्याच्यासमोर पुस्तक धरून मोठ्याने वाचायचे आणि शब्दाचा उच्चार चुकला की त्यालाच विचारायचे. रमाबाईंना लाज वाटली. एवढ्या मोठ्या माणसाने न्हाव्याची शिकवणी लावावी! त्यावर माधवरावांनी त्यांना दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. पुढे रमाबाई त्यांच्याकडूनच बंगाली शिकल्या. आपल्या मुलींना मात्र वर्गात हात वर करून विचारायची लाज वाटते. बाकीच्या काय म्हणतील! ट्यूशनच्या सरांना न समजलेलं तसंच घरी येतं आणि तसंच पेपरात जातं.

1893 साली माधवराव हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. त्यांचे डोळे तरुणपणापासून अधू होते. वाचून दाखवायचं बरंचसं काम रमाबाईंकडे आलं. पूर्वी धडा म्हणून दाखवणारी आता वर्तमानपत्रं, पुस्तकं वाचून दाखवत होती. 16 जानेवारी 1901 ला माधवराव गेले. रमाबाईंना 39 वं पुरं व्हायचं होतं.

त्या काळच्या विधवेचं आयुष्य कोपऱ्यातच संपायचं. यांचं खरं काम तिथून पुढे सुरू झालं. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला त्या जात. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही रानड्यांच्या वाड्यात. जिने टोमणे खात अक्षरं गिरवली, तिच्याच दारातून प्रौढ बायका, विधवा, परित्यक्ता पाटी घेऊन आत येऊ लागल्या. शिक्षिका व्हायचं शिक्षण दिलं जाई. काही जणींना नर्सिंगसाठी ससून हॉस्पिटलमध्ये पाठवलं गेलं. चांगल्या घरातल्या बाईने परक्या रुग्णाला हात लावायचा, म्हणून केवढा गहजब झाला! आज आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांची चूल नर्सबाईंच्या पगारावर पेटते ते मोजा. 1910 साली त्यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक आलं. अकराव्या वर्षी मुळाक्षरं गिरवणाऱ्या मुलीने लिहिलेलं पुस्तक, आणि ते अजून वाचलं जातं. मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं, बायकांना मत देता यावं, यासाठीही त्या झगडल्या. 1924 साली त्या गेल्या. 1962 साली, जन्मशताब्दीला, त्यांचं टपाल तिकीट निघालं.

एवढी गोष्ट ऐकून त्या मुलीने मला काय विचारलं असेल? तिचा प्रश्न होता, माझा धडा कोण ऐकणार? रमाबाईंना न्यायमूर्ती होते. प्रश्न बरोबर होता. मला लगेच उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. तिच्या आईची काही तक्रार नव्हती, पण घरात शब्द चालतो तो आजींचा. मी आजींजवळ बसले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर सरळ विषय काढला. मुलगी नापास होते ती डोक्याने नाही, तिला तासभरही सलग मिळत नाही म्हणून, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. आजी आधी घुश्शात होत्या. आमच्या वेळेला कुठं होतं हे सगळं, वगैरे. मग मीच विचारलं, त्या स्वतः किती शिकल्या? दुसरी. पुढे धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं. हे सांगताना त्यांची जपमाळ थांबली होती.

आजी पहाटे पाचला उठतात. त्या वेळी घरात टीव्ही नाही, मोबाइल नाही, हाक मारणारं कुणी नाही. ठरलं ते असं की नातीने त्याच वेळी उठायचं आणि आजींना अर्थशास्त्र वाचून दाखवायचं, समजावून सांगायचं. आजींना कळलं नाही तर नातीलाही कळलेलं नाही असं समजायचं. इंग्रजीसाठी आठवड्यातून तीनदा ती माझ्याकडे येते. माझं इंग्रजी बेताचंच, त्यामुळे दोघींमध्ये डिक्शनरी उघडी असते. स्थळाचं बोलणं निकालापर्यंत थांबवायचं आजींनी कबूल केलंय. निकालानंतर काय, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही त्या दिवशी जास्त ताणलं नाही.

परवा पहाटे दूध घ्यायला निघाले तर त्यांच्या ओट्यावरचा दिवा लागलेला. आजी शाल पांघरून भिंतीला टेकलेल्या, नात महागाई म्हणजे काय ते सांगत होती. आजींनी मध्येच तिला थांबवलं आणि ज्वारीच्या भावावरून एक प्रश्न विचारला. तिला उत्तर येईना. ती पुस्तकात बघायला लागली.

पेपर पुढच्या महिन्यात आहेत.