अध्यापक मायकेल फॅरेडे

विद्युत जनित्राचे तत्त्व शोधणारे फॅरेडे आपणास पाठ्यपुस्तकातून परिचित आहेत. परंतु ते उत्तम अध्यापक कसे झाले, हे आपणास ठाऊक आहे काय?

२२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. १४ व्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागले. विज्ञानावरील व्याख्यानांची एक शिलिंग फी थोरला भाऊ देई. १८१३ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांनी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस नेमले. तेथे इतरांच्या व्याख्यानांची मांडामांड करता करता त्यांनी वक्त्यांचा आवाज, हातवारे, प्रयोगांची मांडणी, एवढेच नव्हे तर दालनातील हवाउजेडही बारकाईने न्याहाळला.

१८१६ मध्ये ते स्वतः व्याख्याते झाले. पण शिकणे थांबले नाही. बेंजामिन स्मार्ट यांच्याकडे त्यांनी वक्तृत्वाचे धडे घेतले आणि त्यांनाच आपल्या व्याख्यानास बसवून दोष विचारले. बोलणे घाईचे झाले, की मदतनीस समोर सूचनेचे कार्ड ठेवी.

याच तयारीने १८३० पासून सुमारे वीस वर्षे त्यांनी वूलविचच्या लष्करी अकादमीत भावी अभियंत्यांना रसायनशास्त्र शिकविले. मुलांसाठी नाताळ व्याख्यानांच्या १९ माला गुंफल्या. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले.

वाचकहो, विद्वत्ता असली म्हणजे शिकविता येतेच असे नाही. तंत्रमहाविद्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या तरुण अध्यापकासही पाठीशी एखादा डेव्ही, वर्गात एखादा स्मार्ट हवा; आणि दोष ऐकून घेण्याची फॅरेडे यांची नम्रता त्याच्या स्वतःच्या ठायी हवी.