विश्लेषण : पाय दुखत नाही, हेच दुखणे! कुष्ठरुग्णांच्या जखमांतून डॉ. पॉल ब्रँड यांना काय उमगले?

मधुमेह असलेल्यांना डॉक्टर रोज तळपाय पाहायला सांगतात, घरातही अनवाणी फिरू देत नाहीत. या सल्ल्यामागचे बरेचसे शास्त्र तमिळनाडूतील कुष्ठरुग्णांच्या पायांवरून कळले. ते शोधणाऱ्यांत आघाडीवर असलेले डॉ. पॉल ब्रँड आधी बांधकाम आणि सुतारकाम शिकले होते.

ब्रँड कोण होते?
१९१४ मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत एका इंग्रज मिशनरी दाम्पत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला रवानगी झाली. तिथून शल्यचिकित्सक होऊन १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले.

जखमा कशामुळे होत?
कुष्ठरोगात मांस आपोआप झडते, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांना तो पटेना, कारण या रुग्णांच्या शस्त्रक्रियेच्या जखमा इतरांसारख्याच भरून येत. मग तळपायाची जखम पुन्हा पुन्हा का उघडते? उत्तर चालण्यात होते. चपलेत खडा आला की आपले पाऊल लगेच तिरके पडते. खूप चाललो की नकळत आपण भार पायाच्या दुसऱ्या भागावर घेतो. नसा बधिर झालेल्या पायाला ही सोय नाही. एकाच जागी हजारो वेळा दाब पडतो, आतले मांस खराब होते आणि माणूस त्या फोडावरूनही निवांत चालत राहतो.

एकदा इंग्लंडमध्ये रेल्वे प्रवासानंतर ब्रँड यांना स्वतःचीच टाच बधिर वाटली. टाचणी टोचली, तरी काही कळेना. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, या धास्तीत रात्र गेली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि ते कळवळले. प्रवासात एक नस दबली होती, एवढेच! वेदनेचा इतका आनंद क्वचितच कुणाला झाला असेल.

उपाय काय निघाला?
जखमेवर मलम लावून भागणार नव्हते, दाब वाटला जायला हवा होता. त्यासाठी प्लास्टर आणि त्यानंतर आतून मऊ, खालून टणक चप्पल. वेल्लोर परिसरात या काळात घडलेली मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजेच ‘एमसीआर’ चप्पल आजही कुष्ठरुग्णांना आणि मधुमेहींना दिली जाते.

मधुमेहाशी संबंध कसा जुळला?
१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहींच्या बधिर पायांचीही तीच कहाणी असल्याचे त्यांना तिथे दिसले. जखम होण्याआधी ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागते, हेही तिथल्या कामातून पुढे आले. पाय दुखत नाही म्हणून निर्धास्त असलेले एखादे काका आपल्या घरोघरी असतात. त्यांच्या दोन्ही तळपायांना हात लावून हा फरक पाहता येतो.

ब्रँड २००३ मध्ये गेले. पायांच्या दवाखान्यात तळपायाला टेकवतात तो नायलॉनचा धागा १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो टेकलेला कळला नाही, तर वेदनेचे संरक्षण गेले असे समजतात. अशा माणसाने बुटात पाय घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा पाहायचा असतो.