डॉ. होमी भाभा

मुलांनो, चारकोपहून कांदिवली स्टेशनावर जावे आणि पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे प्रवास करावा. विरार आणि पालघर मागे पडले की बोईसर स्टेशन लागते. तिथून जवळच समुद्रकाठी तारापूर आहे. भारतातील पहिले अणुवीज केंद्र तिथेच उभे राहिले. १९६९ साली तिथे वीज तयार होऊ लागली. पण ज्यांनी या केंद्राचा पाया घातला, ते ही वीज पाहायला हयात नव्हते. ते होते थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांना पुस्तके, चित्रकला आणि संगीत यांची आवड होती. १९२७ साली ते शिक्षणासाठी इंग्लंडमधील केंब्रिज येथे गेले. त्यांनी इंजिनिअर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींचे मन मात्र गणित आणि भौतिकशास्त्रात रमत होते. वडिलांनी एक अट घातली. आधी इंजिनिअरिंग चांगल्या गुणांनी पूर्ण करावे, मग आवडीचा विषय शिकावा. होमींनी ही अट पाळली. १९३० साली ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि मग गणिताकडे वळले. पुढे विश्वकिरणांवरील संशोधनामुळे जगातील शास्त्रज्ञ त्यांना ओळखू लागले.

१९३९ साली ते सुट्टीसाठी भारतात आले. त्याच वेळी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परत जाणे अवघड झाले. ते बंगलोरच्या विज्ञान संस्थेत काम करू लागले. परदेशात मोठी जागा मिळाली असती, पण आता त्यांनी मायदेशीच राहायचे ठरवले. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ साली ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. चेंबूरच्या पलीकडे ट्रॉम्बे येथे त्यांनी अणुशक्तीचे केंद्र उभारले. तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. ती भारतीय इंजिनिअरांनी बांधली होती. डॉ. भाभांचे झाडांवर फार प्रेम होते. इमारतीच्या आड झाड आले, तर ते तोडण्याऐवजी मुळासकट काढून दुसरीकडे लावायला ते सांगत.

१९५५ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात एक मोठी परिषद भरली. अणुशक्तीचा उपयोग शांततेसाठी कसा करावा, हा तिचा विषय होता. परिषदेचे अध्यक्षपद डॉ. भाभांना मिळाले. पुढे सुमारे साडेदहा वर्षांनी याच शहराच्या वाटेवर त्यांचा अंत झाला.

जानेवारी १९६६ मध्ये ते एका बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले. एअर इंडियाच्या त्या विमानाचे नाव ‘कांचनजंगा’ होते. ते मुंबईहून दिल्ली आणि बैरूतमार्गे जिनिव्हाकडे चालले होते. २४ जानेवारीची सकाळ होती. जिनिव्हाच्या वाटेवर मॉं ब्लां हा सुमारे ४,८०० मीटर उंचीचा बर्फाच्छादित पर्वत आहे. त्या सकाळी तिथे ढग होते. विमानातील दिशा दाखवणाऱ्या दोन रेडिओ उपकरणांपैकी एक बैरूतपासूनच बंद होते. आपण पर्वताच्या पुढे आलो, असे वैमानिकाला वाटले. जमिनीवरील नियंत्रकाला रडारवर त्याची चूक दिसली. त्याने विमानाची खरी जागा कळवली, पण त्याचे शब्द पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकाने त्यांचा वेगळाच अर्थ घेतला. तो विमान खाली आणत राहिला आणि विमान पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ११७ माणसे मरण पावली. १९५० साली याच पर्वतावर एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कोसळून ४८ जण दगावले होते.

डॉ. भाभा तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते. साऱ्या देशावर शोककळा पसरली. पण त्यांचे काम थांबले नाही, कारण त्यांनी नुसत्या इमारती नव्हे, तर माणसे घडवली होती. १९६७ साली ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. २०१२ साली त्या पर्वतावरील बर्फात ‘कांचनजंगा’मधील टपालाची एक थैली सापडली. ४६ वर्षे ती बर्फाखाली होती.

मुलांनो, या अपघातात ढगांचा दोष होता, उपकरणाचाही होता. पण नीट न समजलेल्या शब्दांचाही होता. वैमानिक नियंत्रकाची सूचना ऐकून ती स्वतः पुन्हा उच्चारतो. ऐकण्यात चूक झाली असेल, तर ती लगेच कळते. भाषा कोणतीही असो, आपण नेमके बोलावे, लक्ष देऊन ऐकावे आणि शंका आली तर पुन्हा विचारावे. पुन्हा विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.